ब्रह्मकमळ : वनस्पती, वर्गीकरण आणि वाङ्मयीन अर्थ

भारतीय भाषांमध्ये परस्परांशी समान असलेल्या शब्दांचा साठा फार मोठा आहे. एका भारतीय भाषेतून दुसरीत अनुवाद करणाऱ्याला या साठ्याचा आधार वाटतो. तथापि हा आधार पुष्कळदा फसवा ठरतो. 'शिक्षा' हा शब्द मराठीत दंडाचा आणि हिंदीत अध्ययनाचा वाचक आहे, हे उदाहरण सर्वपरिचित आहे. अशा अर्थभेदांकडे कोशकारांचे लक्ष गेलेले आहे. वनस्पतींच्या नावांकडे मात्र ते तितकेसे गेलेले दिसत नाही. वनस्पतीचे नाव हे एका दृश्य वस्तूचे नाव असल्याने त्यात अर्थाचा घोटाळा संभवत नाही, असा समज त्यामागे असावा. 'ब्रह्मकमळ' हे नाव हा समज किती अपुरा आहे ते दाखवून देते.

महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे 'ब्रह्मकमळ' म्हणताच जे फूल उभे राहते ते अंगणातील किंवा गच्चीवरील कुंडीतले असते. ते रात्री उमलते, पांढरे आणि सुगंधी असते, पहाटेपर्यंत मिटून जाते, आणि ते पाहण्यासाठी शेजारपाजारची मंडळी जमतात. गढवालमधील वाचकाला त्याच शब्दाने जे आठवते ते याहून सर्वथा निराळे आहे. खडकाळ उतारावर, वृक्षांची सीमा संपल्यानंतरच्या उंचीवर, फिकट पिवळसर पडद्यांत लपेटलेले आणि केदारनाथाला वाहिले जाणारे ते फूल होय. या दोन वनस्पतींमध्ये ना कुलाचे नाते आहे, ना खंडाचे, ना ऋतुचर्येचे. नाव तेवढे एक आहे. या नावाचा उलगडा करताना उंच पर्वतांवरील सूर्यफूल कुलाच्या वनस्पतींचे वर्गीकरण कसे होत गेले हेही पाहावे लागते. आणि वर्गीकरण म्हणजे अखेर नामकरणाचीच एक शिस्त असल्यामुळे हा विषय साहित्याच्या अभ्यासकालाही परका राहत नाही.

दोन वनस्पती

मराठी घरांतील ब्रह्मकमळ ही निवडुंग कुलातील वनस्पती होय. तिचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. तिचे मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील असून ती भारतात शोभेसाठी आणली गेली. निवडुंग कुल जवळजवळ संपूर्णतः अमेरिका खंडातले आहे. त्यामुळे प्राचीन संस्कृत वाङ्मयात या फुलाचा शोध घेणे व्यर्थ होय. येथे आल्यावर तिला मराठी, कन्नड, तेलुगू या भाषांत ब्रह्मदेवाच्या कमळाचे नाव मिळाले. मलयाळममध्ये ती 'निशागंधी' झाली. फुलातील केसरांच्या मांडणीत देवतेचे दर्शन घडते ही श्रद्धाही नावामागोमाग रूढ झाली. परदेशातून आलेली वनस्पती दोन-चार पिढ्यांत पुराणाशी नाते जोडते, हा आपल्या लोकमानसाचा एक लक्षणीय विशेष म्हणावा लागेल.

या वनस्पतीत पानाच्या कडेलाच फूल येते असे वाटते. वस्तुतः ती पाने नव्हेत. ती चपटी झालेली हिरवी खोडे आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एपिफायलम या नावाचा ग्रीक अर्थ 'पानावरचे' असाच आहे. म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांनी केलेली चूक शास्त्रीय नावातही कायमची मुद्रित झाली. लोकांनी ठेवलेली नावे भाबडी आणि शास्त्राने ठेवलेली नावे अचूक, असा ठोकळेबाज भेद करणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये.

हिमालयातील ब्रह्मकमळाचे नाव सोस्यूरिया ऑब्वॅलाटा. झेंडू, शेवंती, सूर्यफूल ज्या कुलात मोडतात त्याच ॲस्टरेसी, म्हणजे सूर्यफूल कुलातील ही बहुवर्षायू औषधी होय. काश्मीरपासून पूर्वेकडे नेपाळ, तिबेट व नैर्ऋत्य चीनपर्यंत ती आढळते. साधारणपणे ३,५०० ते ४,५०० मीटर उंचीवर ती जुलै ते सप्टेंबर या काळात फुलते. लॅटिन भाषेत 'ऑब्वॅलाटा' म्हणजे तटाने वेढलेली. हे विशेषण नेमके आहे. खोडाच्या शेंड्याकडील पाने होडीच्या आकाराची, पातळ आणि फिकट पिवळी होऊन एकमेकांवर येतात व त्यांचा एक बंद कोश तयार होतो. पाहणारा ज्यांना पाकळ्या समजतो त्या याच छदांच्या, म्हणजे पर्णसदृश आवरणांच्या, असतात. खरी फुले आत दडलेली असून ती जांभळट आणि अगदी लहान असतात. उत्तराखंड हे राज्य २००० साली अस्तित्वात आल्यानंतर या वनस्पतीला राज्यपुष्पाचा मान मिळाला.

आता नावाच्या एकतेने काय घडले ते पाहावे. हिमालयातील ब्रह्मकमळ वर्षातून एकदा, केवळ एका रात्री उमलते, असे विधान यात्रावर्णनांत आणि वृत्तपत्रीय लेखांत वारंवार वाचावयास मिळते. ते खरे नाही. हिमालयातील कोश रात्रीचा पाहुणा नव्हे. तो पावसाळ्यात दिवसेंदिवस उभा असतो. एका रात्रीचे उमलणे हा निवडुंगाचा धर्म आहे. नावाच्या पुलावरून तो हिमालयात जाऊन पोहोचला. उलट दिशेने हिमालयातील फुलाचे पावित्र्य कुंडीतल्या निवडुंगाकडे आले असणेही संभवते. समान नावामुळे दोन वस्तूंचे गुणधर्म परस्परांत मिसळतात आणि हळूहळू प्रत्यक्षात कोठेही नसलेली एक तिसरीच वस्तू वाङ्मयात निर्माण होते.

फूल नव्हे, फुलोरा

सूर्यफूल कुलाचे वैशिष्ट्य समजल्यावाचून या वनस्पतीचे वर्गीकरण समजणे कठीण आहे. झेंडूचे किंवा सूर्यफुलाचे जे 'फूल' आपण खुडतो ते एक फूल नसते. एका पसरट बैठकीवर दाटीने बसलेल्या शेकडो लहान पुष्पकांचा तो समुदाय असतो. मराठी वनस्पतिशास्त्रात या फुलोऱ्यास 'स्तबक' अशी संज्ञा आहे. सूर्यफुलात कडेची पुष्पके जिभेसारखी लांब होऊन पाकळ्यांचा भास निर्माण करतात; मधली पुष्पके नळीसारखी असतात व बी त्यांत धरते. प्रत्येक पुष्पकातील परागकोश कडांनी जुळून त्यांची नळी बनते आणि त्या नळीतून कुक्षिवृंत परागाला बाहेर ढकलीत वर येतो. पुष्पकाच्या बुडाशी पुष्कळदा केसांचा झुपका असतो, आणि पिकलेले फळ त्याच्या आधाराने वाऱ्यावर दूर जाते. या कुलाचे जुने नाव 'कंपॉझिटी' म्हणजे संयुक्त. ते या समुदायरचनेवरूनच पडलेले आहे. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने जुने व नवे अशी दोन्ही नावे ग्राह्य मानली आहेत.

हिमालयातील ब्रह्मकमळात या समुदायावर आणखी एक समुदाय रचलेला दिसतो. अनेक स्तबके खोडाच्या टोकाशी एकत्र येतात आणि त्या सर्वांभोवती छदांचा तट उभा राहतो. अतिशय उंचीवर वारा बोचरा, पाऊस अवेळी आणि सूर्याचे अतिनील किरण तीव्र असतात. अशा ठिकाणी हा पारभासक कोश काचघरासारखे काम करतो. उन्हात आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते आणि पराग पावसाने धुऊन जात नाही. याच प्रजातीतील काही जातींनी निराळा मार्ग धरला आहे. त्यांच्या अंगावर पांढऱ्या लोकरीचे इतके दाट आवरण असते की दुरून ती वनस्पती म्हणजे बर्फाचा गोळा वाटावा. हिमालयात अशा लोकरी जातींना 'फेनकमल' म्हणतात. पूर्व हिमालयातील उंच रेवंदचिनीच्या एका जातीत, म्हणजे चुक्याच्या कुलात, ब्रह्मकमळासारखाच पारभासक छदांचा मनोरा आढळतो. परिस्थिती सारखी असली म्हणजे परस्परांशी नाते नसलेल्या वनस्पतीही सारखे रूप धारण करतात. यालाच अभिसारी क्रमविकास म्हणतात. वर्गीकरणकाराला सर्वांत मोठा चकवा याच ठिकाणी बसतो.

वर्गीकरणाची वाटचाल

सूर्यफूल कुल हे सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक आहे. त्यात सुमारे १,६०० प्रजाती व २५,००० हून अधिक जाती मानल्या जातात. इतक्या विस्तृत समुदायाची मांडणी करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रान्समधील आंरी कासिनी (१७८१–१८३२) याने केला. तो व्यवसायाने न्यायाधीश होता. परागकोश आणि कुक्षी यांच्या सूक्ष्म रचनेवरून त्याने या कुलाचे गट पाडले. त्यानंतर १८७३ साली जॉर्ज बेंथॅम याने १३ गटांची मांडणी केली आणि ती शतकभर प्रमाण मानली गेली. भारतापुरते पाहता, चार्ल्स बॅरन क्लार्क याचा 'कंपॉझिटी इंडिकी' हा ग्रंथ १८७६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. जोसेफ डाल्टन हुकर याने आपल्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात त्यापुढची मांडणी केली.

ब्रह्मकमळाच्या शास्त्रीय नावाची कथा जिनीव्हाशी निगडित आहे. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्यूस्तँ पिराम द कांदॉल (१७७८–१८४१) याने १८३८ साली या वनस्पतीचे वर्णन केले, परंतु तिला 'अप्लोटॅक्सिस' या प्रजातीत स्थान दिले. १८४६ मध्ये तिचा समावेश 'सोस्यूरिया' प्रजातीत झाला. मराठी ब्रह्मकमळाचे, म्हणजे निवडुंगाचे, वर्णनही याच द कांदॉलने १८२८ साली 'सीरियस' या प्रजातीत केले होते. पुढील वर्षी हॅवर्थने ते 'एपिफायलम'मध्ये नेले. एकाच विद्वानाने दहा वर्षांच्या अंतराने दोन्ही वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली. पुढे भारतात या दोन्ही वनस्पती एकाच नावाखाली येतील याची कल्पना येण्याचे त्याला काही कारण नव्हते.

सोस्यूरिया प्रजातीत ४०० हून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य आशियातील उंच पर्वतांवर आहेत. रशियन शास्त्रज्ञ लिपशिट्स याने या प्रजातीवरील आपला ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध केला. त्यात पारभासक छदांच्या जाती एका उपविभागात, लोकरी जाती दुसऱ्यात अशी रूपावर आधारलेली व्यवस्था होती. पुढे डीएनएच्या अभ्यासाची साधने हाती आल्यावर या व्यवस्थेला धक्का बसला. काचघरासारखे छद किंवा लोकर ही एकाच पूर्वजाकडून आलेली लक्षणे नसून ती या प्रजातीत एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली असावीत, असे दिसून आले. म्हणजे रूपसाम्यावरून नाते ठरवणे शास्त्रातही धोक्याचे ठरले. दोन भाषांतील दोन शब्द सारखे दिसतात एवढ्यावरून त्यांची एक व्युत्पत्ती मांडणाऱ्यास भाषाशास्त्रज्ञ जो इशारा देतो, तोच इशारा येथे वनस्पतिशास्त्राने स्वतःस दिला आहे.

'कमळ' या शब्दाबाबतही हेच म्हणता येईल. तळ्यातील खरे कमळ, कुंडीतले ब्रह्मकमळ आणि हिमालयातील ब्रह्मकमळ ही तिन्ही तीन निरनिराळ्या कुलांतील आहेत. इतकेच नव्हे, तर आधुनिक वर्गीकरणानुसार खऱ्या कमळाचे जवळचे आप्त कुमुदिनी नसून काश्मीरचा चिनार आणि शहरांतून लावला जाणारा सिल्व्हर ओक हे वृक्ष होत. आपल्या भाषांनी 'कमळ' हा शब्द वनस्पतीच्या कुलासाठी राखून ठेवलेला नाही. जे मोठे, पवित्र आणि देवतेच्या आसनास योग्य, ते कमळ, असा हा सांस्कृतिक वर्ग आहे. त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. मात्र तो कोणत्या तत्त्वावर उभा आहे हे ओळखले पाहिजे.

सोस्यूर घराण्याचा योगायोग

सोस्यूरिया हे नाव द कांदॉलने १८१० साली जिनीव्हाच्या एका विद्वान घराण्याच्या सन्मानार्थ ठेवले. आल्प्स पर्वताचा अभ्यासक आणि १७८७ साली माँ ब्लाँचे शिखर गाठणारा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर व त्याचा पुत्र, वनस्पतींच्या पोषणक्रियेचा अभ्यासक निकोला-तेओदोर, यांचे ते स्मारक होय. साहित्याच्या अभ्यासकाला हे आडनाव निराळ्याच संदर्भात परिचित आहे. आधुनिक भाषाविज्ञानाचा प्रवर्तक फर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) हा ओरास-बेनेदिक्तचा पणतू. त्याची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक नसून यादृच्छिक आहे, तसेच शब्दाचे मूल्य त्या भाषेतील इतर शब्दांशी असलेल्या भेदाने ठरते, हे त्या ग्रंथातील दोन मूलभूत सिद्धांत.

घराण्याचा हा संबंध केवळ योगायोगाचा आहे. तथापि प्रस्तुत विषयास ते सिद्धांत लागू पडतात. मराठीत ब्रह्मकमळ हा शब्द रातराणी, मोगरा, जाई, जुई, निशिगंध यांच्या पंक्तीत बसतो. घर, रात्र, गंध आणि क्षणभंगुरता ही त्याच्या मूल्याची अंगे आहेत. गढवालमध्ये तो फेनकमलासारख्या उंच कुरणांवरील फुलांच्या पंक्तीत बसतो. तेथे चढण, थंडी, देवयात्रा आणि दुर्लभता यांनी त्याचे मूल्य घडते. म्हणून मराठी कथेतील रात्री उमलणारे ब्रह्मकमळ हिंदीत 'ब्रह्मकमल' म्हणून तसेच ठेवले तर मैदानी प्रदेशातील वाचकाला कदाचित अडचण येणार नाही, कारण तेथील शहरांतही निवडुंगास हे नाव रूढ झाले आहे. परंतु पहाडी वाचकापुढे एक अशक्य चित्र उभे राहील. याउलट, केदारखंडाच्या एखाद्या हिंदी वर्णनातील ब्रह्मकमल मराठीत आणताना एका विशेषणाची जोड दिली नाही, तर मराठी वाचक बर्फाच्या कडेला कुंडीतला निवडुंग पाहील.

कुठ : एक मूळ, अनेक नावे

नावाचा प्रश्न केवळ अर्थग्रहणापुरता नाही, हे सोस्यूरियाशी दीर्घकाळ संबंध असलेल्या दुसऱ्या एका वनस्पतीवरून दिसते. काश्मीर आणि लगतच्या पर्वतप्रदेशातील 'कुठ' ही तीच वनस्पती, जिचा अथर्ववेदात 'कुष्ठ' म्हणून गौरव झाला आहे. हिमवंताच्या उत्तरेस जन्मणारी, पूर्वेकडील लोकांकडे नेली जाणारी आणि ज्वराचा नाश करणारी असे तिचे तेथे वर्णन आहे. ग्रीक व लॅटिन भाषांतील 'कॉस्टस' हा शब्द याच कुष्ठापासून आला. मराठीत तिचे वाळलेले मूळ 'उपलेट' किंवा 'कोष्ठ' या नावाने काष्ठौषधींच्या दुकानांत ओळखले जाते. आजच्या मराठीत 'कुष्ठ' म्हणताच केवळ रोग आठवतो. त्यामुळे वैदिक सूक्ताचा अनुवादक सावध नसेल, तर औषधाच्या जागी व्याधीची स्तुती होण्याचा प्रसंग येतो.

शास्त्रीय नावांचे फेरेही तितकेच उद्बोधक आहेत. ह्यू फॅल्कनर याने या वनस्पतीस तत्कालीन गव्हर्नर जनरल ऑकलंडच्या नावावरून 'ऑकलँडिया कॉस्टस' म्हटले. क्लार्कने ती 'सोस्यूरिया लॅपा' या नावाने नोंदवली. लिपशिट्सने १९६४ साली जुन्या विशेषणास अग्रहक्क देऊन 'सोस्यूरिया कॉस्टस' हे नाव केले. पुढे २०२० साली कसाना व पांडेय या भारतीय अभ्यासकांनी तिला सोस्यूरियातून काढून 'डोलोमिया' या प्रजातीत नेले. काही अभ्यासक मात्र ऑकलँडिया हीच स्वतंत्र प्रजाती मानतात.

दरम्यान जंगली कुठाची बेसुमार खोदाई होऊन ती दुर्मिळ झाली. दुर्मिळ जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात ती १९८५ पासून पहिल्या परिशिष्टात 'सोस्यूरिया कॉस्टस' या नावाने आहे. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने ज्या सहा वनस्पतींना संरक्षण मिळाले त्यांत कुठाचा समावेश 'सोस्यूरिया लॅपा' या नावाने झाला. कायद्यात एक नाव, करारात दुसरे, शास्त्रात तिसरे, वैद्याच्या तोंडी चौथे आणि वेदात पाचवे, अशी ही स्थिती आहे. सीमेवरील तपासनिसाने एका पोत्यातील मुळे नेमकी कोणती हे ठरवायचे, तर त्याला ही सर्व नावे एकाच वस्तूची आहेत हे सांगणारा कोश हवा. येथे पर्यायशब्दांची यादी करणे हे वनरक्षणाचेच एक साधन ठरते.

सौगंधिकाचा प्रश्न

हिमालयातील ब्रह्मकमळाचा संबंध महाभारतातील सौगंधिकाशी जोडण्याची प्रथा आहे. वनपर्वात ईशान्येकडील वाऱ्याबरोबर आलेले एक दिव्य फूल द्रौपदीच्या दृष्टीस पडते, तशी आणखी फुले तिला हवीशी वाटतात आणि भीम ती आणण्यास निघतो. ते फूल म्हणजेच ब्रह्मकमळ, असे यात्रेकरूंना सांगितले जाते. मूळ वर्णन पाहिले तर ही ओळख टिकत नाही. तेथील सौगंधिक हे सहस्र दळांचे कमळ असून भीमाला ते कुबेराच्या राखणीतील सरोवरात, पाण्यात सापडते. सोस्यूरिया ऑब्वॅलाटा पाण्यात वाढत नाही. कवीने हिमालयातील एखादे फूल पाहून ते वर्णन केले की परंपरेतील दिव्य कमळाची कल्पना पर्वतावर नेली, हा निराळा प्रश्न आहे. वनस्पतिशास्त्र त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

केरळमध्ये हेच आख्यान कथकली व तुळ्ळल या नाट्यप्रकारांतून 'कल्याणसौगंधिकम्' म्हणून लोकप्रिय झाले. तेथे हे नाव पांढऱ्या सोनटक्क्याला देतात. सोनटक्का ओलसर जागी वाढतो आणि अतिशय सुगंधी असतो. एका महाकाव्यातील एका फुलाने उत्तरेत एक रूप घेतले आणि दक्षिणेत दुसरे. प्रत्येक प्रदेशाने आपल्या भूमीतील सर्वांत स्पृहणीय फूल त्या नावाला अर्पण केले. यांपैकी खरे कोणते असे विचारण्यापेक्षा, कोणत्या प्रदेशाने कोणते निवडले आणि का, हा साहित्याभ्यासकाचा प्रश्न अधिक फलदायी ठरेल.

कोशकार आणि अनुवादक

या सर्व प्रश्नांचा व्यावहारिक निकाल पुष्कळदा दिल्लीत लागतो. भारतीय भाषांना परस्परांजवळ आणण्याचे काम करणाऱ्या अनेक संस्था येथे आहेत. साहित्य अकादमी १९५४ साली येथेच सुरू झाली. १९६१ साली वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेसाठी आयोग स्थापन झाला. भारतीय वनस्पतींची देशी नावे भाषावार नोंदवणाऱ्या 'वेल्थ ऑफ इंडिया' या कोशाचा पहिला खंड १९४८ साली येथूनच निघाला. बदरी-केदारच्या यात्रेस निघालेल्या कित्येक मराठी माणसांचा मार्गही दिल्लीवरून जातो. साताऱ्यात जन्मलेले आणि १९८१ साली दिल्लीत निवर्तलेले काका कालेलकर यांनी आपला हिमालयाचा प्रवास गुजरातीत लिहिला. मराठी मन, गुजराती लेखणी आणि गढवाली भूमी अशा तिहेरी प्रवासात फुलांची नावे सुरक्षित पोहोचावीत, तर त्यामागे कोशाचे बळ असावे लागते.

यात आणखी एक अडथळा खुद्द परिभाषेचा आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्या कोशाच्या परिभाषेत कुलाखालील वर्गास 'प्रजाती' आणि तिच्याखालील वर्गास 'जाती' म्हणतात. हिंदीत प्रजातीच्या जागी 'वंश' हा शब्द रूढ आहे आणि 'प्रजाति' हा शब्द बहुधा मराठीतील 'जाती'च्या अर्थाने येतो. अलीकडच्या मराठी वृत्तपत्रांनीही हिंदीच्या अनुकरणाने 'प्रजाती' याच अर्थी वापरण्यास आरंभ केला आहे. परिणामी 'सोस्यूरिया प्रजाती' या दोन शब्दांतून चारशे वनस्पतींचा समूह अभिप्रेत आहे की एकच वनस्पती, हे संदर्भावाचून कळत नाही. फुलाच्या नावातील संदिग्धता दूर करण्यासाठी जी परिभाषा घडवली तीच संदिग्ध झाली, असा हा प्रकार आहे.

शास्त्रीय नाव हे यावर संपूर्ण उत्तर नाही, कारण तेही बदलते. महाराष्ट्रातील एक उदाहरण पुरेसे आहे. पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीची पठारे आणि किल्ल्यांचे माथे पिवळे करून टाकणारी 'सोनकी' ही सूर्यफूल कुलातीलच वनस्पती. साताऱ्याजवळील कासचे पठार, जे २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसायादीत आले, तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. हुकरने तिला 'सेनेसिओ ग्रॅहमाय' म्हटले होते. नामकरणाच्या नियमांमुळे ते नाव मागे पडून आता 'सेनेसिओ बाँबेएन्सिस' हे नाव ग्राह्य झाले आहे. शास्त्रीय नाव बदलले, परंतु डोंगरावरच्या माणसाची सोनकी सोनकीच राहिली. तिच्या बाबतीत लोकनामच अधिक स्थिर ठरले. शास्त्रीय नावाचा विशेष तो बदलत नाही यात नाही. प्रत्येक नाव वनस्पतिसंग्रहातील एका प्ररूप-नमुन्याशी बांधलेले असते, आणि झालेला प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला याची नोंद राहते. यात त्याचा विशेष आहे. लोकनामाला अशी नोंदवही नाही. त्याचा इतिहास ओव्या, यात्रावर्णने, कथा आणि कविता यांतूनच शोधावा लागतो.

ही नोंदवही तयार करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम होय. 'ब्रह्मकमळ' या नोंदीखाली 'एक प्रकारचे फूल' एवढे लिहून कोशकाराची सुटका होऊ नये. महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेशात निवडुंग कुलातील रात्री उमलणारी वनस्पती, गढवाल-कुमाऊँमध्ये सूर्यफूल कुलातील उंच पर्वतावरची वनस्पती, असे दोन अर्थ तेथे प्रदेशासह नोंदवले पाहिजेत. अनुवादकाने मूळ कृतीचे स्थळ, ऋतू आणि प्रहर पाहून अर्थ निश्चित करावा. रात्र आणि अंगण असेल तर एक, श्रावण-भाद्रपदातील बर्फाळ चढण असेल तर दुसरा. जेथे कवीने दोन्हींचे मिश्रण केले असेल तेथे ते मिश्रणही तसेच जपावे, कारण कवीच्या कल्पनेला वर्गीकरणाचे बंधन नसते. अनुवादकाला मात्र त्या मिश्रणाची जाणीव असावी लागते.

हिमालयातील ब्रह्मकमळ देवाला वाहण्यासाठी मोठ्या प्रमाणात खुडले जाते, आणि फुलोराच खुडल्यावर त्या वनस्पतीचे बी धरत नाही. कुंडीतल्या निवडुंगाचा खोडाचा तुकडा मातीत खोचला तरी तो रुजतो आणि शेजाऱ्यांत वाटता येतो. घरच्या ब्रह्मकमळाच्या अनुभवावरून हिमालयातील ब्रह्मकमळही तसेच विपुल व सहज रुजणारे असेल असे मानून चालणाऱ्या यात्रेकरूला हा भेद कोणीतरी त्याच्याच भाषेत सांगितला पाहिजे. तो सांगण्यासाठी लागणारे शब्द मराठीत आहेत. ते नेमकेपणाने वापरले जातात की नाही, यावर त्या उतारावर पुढच्या पावसाळ्यात काय उगवेल हेही काही अंशी अवलंबून आहे.